दोन शिखरांची रेषा दिसली म्हणजे वायू आत कोसळतोय असं लिहायचं का?

राजारामपुरीकर: मी कोल्हापुरात एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी चिलीतल्या आल्मा दुर्बिणीच्या खुल्या संग्रहातून एका जागेची निरीक्षणं उतरवून घेतली. तिथं सूर्याच्या ८ पटींहून जड तारे तयार व्हायलेत. रेडिओ वर्णपटात एचसीओ प्लस रेणूच्या ८९.२ गिगाहर्ट्झच्या रेषेला दोन शिखरं आहेत, मधे खळगा, आणि निळ्या बाजूचं, म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या वायूचं, शिखर उंच. सर म्हणतात, वायू आत कोसळतोय. पण एकामागे एक दोन वेगळे ढग असले तरी दोन शिखरं येतीलच की! दुसरं म्हणजे, असल्या ताऱ्याचा प्रकाशच वायूला बाहेर ढकलत असणार. मग तो आत पडतो कसा? खात्री नसताना तसं लिहायला मन धजत नाही.

पंचगंगाकाठ: शंका अगदी योग्य जागी आहे, सोडू नकोस. आधी सरांची बाजू. कोसळणाऱ्या ढगात आपल्याकडचा वायू आपल्यापासून लांब जातो, पलीकडचा आपल्याकडे येतो. या रेषेला ढग अपारदर्शक असतो, त्यामुळं प्रत्येक वेगाचा अलीकडचा थरच दिसतो. पलीकडच्या अर्ध्यात तो थर आतला, उबदार. अलीकडच्या अर्ध्यात बाहेरचा, गार. म्हणून निळं शिखर चढतं.

आता तुझी बाजू. त्याच जागेची कार्बन-१३ असलेल्या एचसीओ प्लसची रेषा काढ, ८६.७५ गिगाहर्ट्झला. हा रेणू विरळ, त्यामुळं ढग त्या रेषेला बहुधा पारदर्शक असतो. तिचं एकच शिखर खळग्याच्या वेगावर आलं तर ढग एकच. तिथंही दोन शिखरं आली तर दोन ढगांचा संशय बळावतो. इथं १ किमी/सेकंद वेगाला वारंवारता जेमतेम ०.३ मेगाहर्ट्झ सरकते, तेव्हा वाहिन्यांची, म्हणजे वारंवारतेच्या कप्प्यांची, रुंदी आधी तपास.

माझा सर्वांत जास्त विश्वास मात्र शोषणावर, म्हणजे मधल्या वायूनं मागचा उजेड गिळण्यावर, आहे. ताऱ्याभोवतीचा तापलेला आयनित वायू मागून रेडिओत उजळत असेल आणि त्याच्यासमोर लाल बाजूला, म्हणजे आपल्यापासून लांब जाणाऱ्या वेगाकडं, सरकलेलं शोषण दिसलं, तर तो वायू नक्की पुढं आहे आणि ताऱ्याकडं चाललाय. जी१०.६-०.४ या जागी १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीनं अमोनियाच्या रेषेत हेच पाहिलं. वायू फिरतही होता आणि आतही पडत होता. प्रकाशदाबाचं उत्तरही याच फिरण्यात आहे. वायू ताऱ्याभोवतीच्या चकतीतून आत येतो, प्रकाशाला ध्रुवांकडच्या पोकळ्यांतून वाट मिळते.

गंगावेस: भावा, ती निरीक्षणं फक्त १२ मीटरच्या अँटेनांच्या जाळ्याची हाईत का? तसं असंल तर खळग्यावर लगेच विश्वास ठेवू नको. पसरलेला वायू असल्या जाळ्याला दिसतच नाही, आणि तो नेमका ढगाच्या सरासरी वेगावर असतो. म्हणजे खळगा खोटा असू शकतो. आल्माच्या ६६ अँटेनांतल्या १२ अँटेना ७ मीटरच्या आहेत त्या याचसाठी. शिवाय जागा हजारो प्रकाशवर्षं लांब. पन्हाळ्यावरनं रात्री कोल्हापूर बघितल्यागत हाय: दिवे दिसतात, पण रंकाळ्याभोवती कोण कुठल्या दिशेनं चाललंय ते कळत नाही. एका ठिपक्यात चार तारे आणि त्यांनी बाहेर फेकलेले वायूचे झोतसुद्धा असतील. सिलिकॉन मोनॉक्साइडची रेषा बघ, धक्के बसलेला वायू त्यात उठून दिसतो.

विज्ञानशिक्षिका: यासाठी आपली पुण्याजवळच्या खोडदची जीएमआरटी रेडिओ दुर्बीण चालेल का? ४५ मीटरच्या ३० अँटेना आहेत तिथं.

पंचगंगाकाठ: या रेषांसाठी नाही, बाई. ती साधारण १.४५ गिगाहर्ट्झपर्यंतच ऐकते. पण तारा पेटल्यावर भोवती पसरणारा आयनित वायू तिला छान दिसतो.

राजारामपुरीकर: सगळ्यांचे आभार. कार्बन-१३ची रेषा त्याच निरीक्षणांत सापडली. शिखर एकच आहे, बरोबर खळग्यावर! ७ मीटरच्या अँटेनांची निरीक्षणंही संग्रहात आहेत. ती जोडून खळगा टिकतो का बघतो, तोवर अहवालात ‘कोसळत असण्याची शक्यता’ एवढंच लिहिणार.