मदत हवी आहे: अ‍ॅप्लिकच्या कडा आत दुमडून राहतच नाहीत

बडोद्याची_सुई
भाचीच्या बारशाला छोटी गोधडी द्यायची आहे. बारसं पुढच्या रविवारी. वर अ‍ॅप्लिक आहे, म्हणजे कापडाचे आकार कापून वरून शिवायचे: पानं, गोल आणि मधोमध बदाम. कच्ची कड नको, आत दुमडलेलीच हवी. कागदी नमुन्यावर कड दुमडून इस्त्री करते, पण गोलाला कोपरे येतात, पानाचं टोक जाड होतं आणि कागद काढला की निम्म्या कडा उघडतात. तीन संध्याकाळी यातच गेल्या. उद्या मंगळबाजारात जाते आहे, काय आणू तेवढं लगेच सांगा.

दोन_टीपा
कापड कोणतं? कडेला किती ठेवलंय? कागद कसला? हातानं शिवणार की मशीनवर?

बडोद्याची_सुई
कापड साधंच आहे हो. कडेला अर्धा इंच. बटरपेपर. हातानं. आता सांगा.

मांजलपूरकर
एवढा खटाटोप कशाला? दोन्ही बाजूंनी चिकटणारं फ्यूजिंग आणा, इस्त्रीनं बसवा, आकार कापा, कडेनं दाट झिगझॅग मारा. एका संध्याकाळी गोधडी तयार. मी पडद्यांवर असंच केलंय, पाच वर्षांत एक पान सुटलेलं नाही.

दोन_टीपा
त्यांना कच्ची कड नकोय, पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. शिवाय पडदा वर्षातून दोनदा धुतात. बाळाची गोधडी दिवसाआड धुवावी लागते, आणि फ्यूजिंगनं ती जागा कडक होते.

मांजलपूरकर
पातळ फ्यूजिंग मिळतं. वापरून पाहिलं असतंत तर असं म्हणाला नसतात.

दांडियाबाजार_आजी
आमच्या शेजारच्या बा मूळच्या कच्छच्या. त्यांच्या कातबकामात, म्हणजे तिकडच्या अ‍ॅप्लिकमध्ये, ना कागद, ना इस्त्री. कापडाला घड्या घालून नक्षी कापतात, उलगडून खालच्या कापडावर टाचतात आणि सुईच्या टोकानं कड आत सारत, दर टाक्याला अंगठ्यानं दाबत पुढे जातात. बाळा, तो कागद फेकून दे.

बडोद्याची_सुई
आजी, माझा हात तेवढा बसलेला नाही, आणि दिवस सहाच उरलेत.

पिंजलेला_कापूस
आत काय भरताय ते आधी ठरवा. बाळाला पॉलिस्टरचा थर नको. जुन्या नऊवारीचे दोन थर घाला, धुतली की लवकर वाळते.

दोन_टीपा
भरणाचं नंतर बघू. ताई, ‘साधंच कापड’ म्हणजे काय? एक धागा काढून चिमट्यात धरा आणि जाळून बघा. कागदासारखा वास येऊन मऊ राख झाली तर सुती. टोकाला कडक गोळी झाली तर पॉलिस्टर.

बडोद्याची_सुई
गोळी झाली. दादाच्या जुन्या शर्टाचं कापड आहे, म्हणजे बाळाच्या बाबांचं. तो शर्ट घालून तो पहिल्या नोकरीला गेला होता. बदाम त्याचाच करायचाय, हे आधी लिहायला हवं होतं. पानं आणि गोलही त्यातूनच कापले.

दोन_टीपा
मग घोळ इथेच आहे. टेरिकॉट, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेलं कापड, सुतीसारखं दुमड धरत नाही, उसळून वर येतं. इस्त्री जास्त तापवलीत तर वितळेल. पानं-गोल सुती कॅम्ब्रिकचे करा, कापड धुऊन घ्या. कड अर्धा इंच फार झाली, पाव इंच ठेवा. टोक जाड होतं ते त्यामुळेच.

गोल: जाड पुठ्ठा नेमक्या मापाचा कापा. कापडाच्या कडेजवळ बारीक धावदोरा घाला, पुठ्ठा मधे ठेवून दोरा ओढा, चुण्या सारख्या पसरवा. कडेवर ब्रशनं खळ लावून पूर्ण वाळेपर्यंत इस्त्री करा आणि थंड झाल्यावरच पुठ्ठा काढा. बाहेरच्या गोलाईला कात्रीचे काप देऊ नका, कोपरे त्या कापांमुळेच येतात. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा नको, तापल्यावर सोनेरी शाई कापडाला लागते.

पान: टोक आधी सरळ आत घ्या, मग डावी बाजू, मग उजवी.

मांजलपूरकर
खळ लावलेल्या कापडाला कसर लागते.

दांडियाबाजार_आजी
धुतली की खळ जाते. लागते ती न धुता ट्रंकेत ठेवल्यावर. पातळ साबुदाण्याची खळ कर, बाजारची आणू नकोस.

प्रतापनगर_प्रिंट
बटरपेपर कापडाला चिकटत नाही, म्हणून नमुना सरकतो. अमेरिकेतले लोक फ्रीझर पेपर घेतात, त्याला एका बाजूनं प्लॅस्टिकचा लेप असतो, तो इस्त्रीनं कापडाला चिकटतो. झेरॉक्सच्या कागदाच्या गठ्ठ्याच्या वेष्टनालाही बऱ्याचदा आतून तसाच लेप असतो. चिंधीवर आधी कोमट इस्त्रीनं तपासा. आमच्याकडे ढीग पडतो, कोणत्याही झेरॉक्सवाल्याकडे मागा. एक लक्षात ठेवा, लेप कापडाच्या उलट बाजूला बसतो म्हणून आकार आरशातल्यासारखा काढावा लागतो. नाव घालणार असाल तर अक्षर उलटं पडेल.

पिंजलेला_कापूस
बारशाआधी नाव कुठून येणार?

बडोद्याची_सुई
आत्या मीच आहे, नाव मलाच ठेवायचंय. पण अक्षर नको, घरी आधीच कळेल. दादाच्या शर्टाचा बदाम सोडून देऊ का?

दोन_टीपा
अजिबात नाही. बदामाला दुमडीची गरजच ठेवू नका. शर्टाचं कापड आणि पातळ मलमल, सुलट बाजू मलमलकडे ठेवून, रेषेवरून पूर्ण टीप घाला, मशीनवर किंवा हातानं बारीक. वरच्या खाचेत दोन टाके आडवे घ्या. पाव इंच ठेवून बाकीचं छाटा, खाचेत टिपेपर्यंत काप द्या, पण टीप कापू नका. मलमलीला मधे चीर देऊन त्यातून बदाम सुलटा करा. कड विणकामाच्या सुईच्या बोथट टोकानं बाहेर काढा आणि वर सुती रुमाल ठेवून मंद इस्त्री फिरवा.

बडोद्याची_सुई
मंगळबाजारातून कॅम्ब्रिक आणलं. झेरॉक्सवाल्यानं वेष्टनं फुकट दिली. नऊ गोल झाले, एकालाही कोपरा नाही. पानं निम्मी झालीत. बदाम आज रात्री सुलटा केला. खाचेत एक धागा निसटला होता, तिथे तीन टाके जास्त घातले. दादानं शर्ट लगेच ओळखला, खिशाजवळची फिकट रेघ बदामावर आली आहे.

दांडियाबाजार_आजी
खाच परवा धुऊन बघ. आणि बाळाचं नाव सोमवारी इथेच सांग.