मदत हवी आहे : पाच वर्षांच्या मुलीला 'तू' आणि 'अहो' यांतला फरक कसा समजावून सांगावा?

नमस्कार. आमच्याकडे धुणीभांडी करायला येणाऱ्या, आजीच्या वयाच्या मावशींना माझी मुलगी 'ए, माझा डबा धू' असे सांगते, सोसायटीतल्या काकूंशी मात्र 'अहो' म्हणून बोलते. हा भेद तिने आम्हा मोठ्यांच्या बोलण्यातूनच उचलला असणार, हे लिहिताना मला संकोच वाटतो.

अडचण अशी की, आपल्या भाषेत याचा नियम सरळ नाही. आईला आणि आजीला आपण प्रेमाने 'तू' म्हणतो, पुष्कळ घरांत बाबांना 'अहो' म्हणतात, आणि विठ्ठलालाही एकेरीच हाक मारतात. त्यामुळे नुसते 'अहो म्हण' असे बजावले तर शब्द बदलेल, पण मावशी दमल्या असतील हे तिच्या मनात येईल का, अशी मला शंका वाटते.

गेल्या आठवड्यापासून आम्ही स्वतः 'अहो मावशी' म्हणू लागलो आहोत, आणि आपला डबा तिने स्वतःच विसळावा असे ठरवले आहे. सर्वांसमोर माफी मागायला लावणे मला पटत नाही. त्यातून ती फक्त घाबरेल.

बालवाडीत शिकवणाऱ्या सदस्यांनी कृपया सांगावे की, या वयात गोष्ट, खेळ किंवा रोजचे एखादे छोटे काम यांपैकी कशाचा प्रत्यक्ष उपयोग झाला?