मदत हवी आहे : फोनवर पीएसपीचे गेम वीस मिनिटांनी संथ होतात

माझ्याकडील जुन्या पीएसपीच्या (सोनीचा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल) यूएमडी डिस्कवरून, म्हणजे त्याच्या गेमच्या छोट्या चकत्यांवरून, काढलेल्या प्रती मी अँड्रॉइड फोनवर पीपीएसएसपीपी या पीएसपीची नक्कल करणाऱ्या ॲपमध्ये चालवतो. सुरुवातीला वेग अगदी १०० टक्के असतो. मात्र वीसेक मिनिटांनी तो ७० टक्क्यांवर येतो, आवाज तुटक होतो आणि फोनची पाठ कॅमेऱ्याजवळ हात ठेवता येणार नाही इतकी तापते.

पीएसपीचा पडदा मुळात ४८० बाय २७२ पिक्सेलचा असल्याने मी चित्र तिपटीने मोठे करत होतो. ते मूळ आकारावर आणले, चित्र रेखाटण्यासाठी व्हल्कनऐवजी ओपनजीएल ही ग्राफिक्स प्रणाली वापरून पाहिली, एक फ्रेम वगळण्याची सोय लावली, पडद्याचा रिफ्रेश रेट ६० हर्ट्झवर ठेवला, बॅटरी सेव्हर बंद केला आणि कव्हरही काढले. चार्जर लावून मी कधीच खेळत नाही. जेआयटी (गेमच्या सूचना खेळ चालू असतानाच फोनच्या प्रोसेसरच्या भाषेत उतरवणारी सोय) सुरूच आहे. मूळ आकारातही वेग तितकाच घसरतो, त्यामुळे दोष ग्राफिक्सकडे नसावा, असे माझे मत झाले आहे. पीएसपीच्या मिप्स प्रोसेसरच्या सूचना फोनच्या एआरएम प्रोसेसरच्या सूचनांमध्ये उतरवून चालवण्याचा बहुतेक भार प्रोसेसरच्या अनेक कोअरपैकी (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांपैकी) एकाच कोअरवर पडतो आणि तिथेच गाडी अडत असावी.

फोन ८ जीबी रॅमचा, मध्यम किमतीचा आहे. तो रूट करायचा (म्हणजे अँड्रॉइडचा पूर्ण ताबा मिळवायचा) नाही आणि बाहेरचा पंखाही नको आहे. उष्णतेमुळे मोठ्या (वेगवान) कोअरची गती उतरवली जाते आहे, की अँड्रॉइड हे काम लहान (कमी ताकदीच्या) कोअरवर ढकलते आहे, हे रूट न करता नेमके कोणते आकडे पाहून ओळखावे?