ऑनलाइन खेळ अडखळला तेव्हा दोष नेमका कुठे सापडला? (अनुभव धागा)

अनगोळ, बेळगाव

दिवाळीच्या साफसफाईसाठी परवा माळ्यावर चढलो, तेव्हा रद्दीच्या गठ्ठ्यांमागे निळ्या लॅन केबलचे एक वेटोळे आणि टोकांना कनेक्टर बसवायचे क्रिम्पिंग टूल सापडले. कॉलेजात असताना टिळकवाडीतल्या एका सायबर कॅफेत आम्ही आठ-दहा मुले एकाच स्विचला जोडलेल्या संगणकांवर काउंटर-स्ट्राइक खेळत असू. सगळी यंत्रे एकाच खोलीत असल्यामुळे पिंगचा, म्हणजे संदेश जाऊन उत्तर परत यायला लागणाऱ्या वेळेचा, विचार कोणाच्या मनातही येत नसे.

आता घरात १०० एमबीपीएसचे फायबर आहे, तरीही मुलाचा व्हॅलोरंटचा सामना ऐन मोक्याच्या क्षणी अडखळत होता. प्लॅन वाढवावा असा त्याचा आग्रह होता. मी त्याला थांबवले, कारण अशा खेळाला वेग फार थोडा लागतो. माहितीची लहान लहान पॅकेट, म्हणजे तुकडे, वेळेवर आणि न गळता पोचणे हीच त्याची खरी गरज असते. आम्ही संगणकावर दोन खिडक्या उघडून एकीत राउटरला, म्हणजे १९२.१६८.१.१ ला, आणि दुसरीत ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला सतत पिंग चालू ठेवले. खेळ अडखळला की राउटरच्याच खिडकीतला आकडा २ वरून ३०० मिलिसेकंदांवर जात असे. म्हणजे सिग्नल घराबाहेर पडण्याआधीच अडत होता. आमचे घर जुने असून राउटर आणि मागची खोली यांच्यामध्ये दीड फुटाची दगडी भिंत आहे. माळ्यावरची तीच केबल नवे कनेक्टर बसवून खोलीपर्यंत ओढली, आणि आकडा १ वर स्थिरावला.

तुमच्याकडे दोष कुठे निघाला आणि तो तिथेच आहे हे तुम्ही कशावरून ओळखलेत, हे कृपया सविस्तर लिहा.

खानापूर

आमच्याकडे हेच दोन खिडक्यांचे परीक्षण अगदी उलट निघाले. राउटरची पिंग स्वच्छ होती, पण बाहेरचे प्रत्येक दहावे पॅकेट गळत होते आणि तेही फक्त पावसाळ्यात. राउटरच्या पानावर प्रकाशाची मिळणारी शक्ती उणे २९ डीबीएम (शक्ती मोजायचे एकक) दिसली. घरोघरच्या जीपॉन (एकच तार अनेक घरांत वाटणाऱ्या) फायबरला साधारण उणे २७ च्या खाली शक्ती घसरली की चुका वाढू लागतात, हे मला जोडणी करणाऱ्या मुलाने समजावले. पावसाने जड झालेली फणसाची फांदी केबलवर टेकून तिला मोडत होती. फांदी तोडून जोड नव्याने वितळवून दिल्यावर वाचन उणे २१ आले, आणि गेला जून-जुलै निर्धास्त गेला.

वीज जाण्याचा त्रास आमच्याकडे वेगळाच आहे. वीज दोन सेकंद गेली तरी राउटर पुन्हा सुरू व्हायला तीन मिनिटे घेतो आणि तेवढ्यात सामना हातचा जातो. राउटरसाठीचा छोटा यूपीएस घेतल्यापासून तो प्रश्न मिटला. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिले आहे की ९, हे आधी वाचावे.

निपाणी

माझ्या भाच्याला कोल्हापूरच्या मावसभावांसाठी स्वतःच्या संगणकावर माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवायचा होता. त्यासाठी राउटरवर पोर्ट २५५६५, म्हणजे बाहेरून आत यायचे क्रमांकाचे दार, उघडला, फायरवॉल तपासली, तरी बाहेरून कोणालाही आत येता येईना. त्याच्या खेळाच्या कन्सोलवरही नॅट (घरातल्या यंत्रांचे पत्ते एका बाहेरच्या पत्त्यात बदलण्याची सोय) ‘स्ट्रिक्ट’, म्हणजे बाहेरच्यांना अडवणारे, दिसत होते. पहिले कारण सापडले ते असे, की कंपनीच्या फायबर यंत्रामागे आम्ही स्वतःचा राउटर लावला होता आणि दोन्ही यंत्रे ही पत्त्यांची अदलाबदल करत होती. कंपनीचे यंत्र ब्रिज मोडवर, म्हणजे पत्ते न बदलता नुसते पुढे पोचवण्यावर, घेतले, तरी फरक पडला नाही. शेवटी राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता पाहिला, तर तो १०० ने सुरू होत होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते सेवा देणाऱ्याच्या स्वतःच्या नॅटसाठी राखलेले असतात. तिथे कंपनीच्या एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरे असतात, त्यामुळे आपण घरात कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरचे दार आपल्या हातात नसते. महिन्याला थोडे जास्त पैसे भरून स्थिर सार्वजनिक पत्ता घेतला आणि त्याच संध्याकाळी मुले एकत्र खेळली.

संकेश्वर

दादा, तुमचे वाचून आत्ताच पाहिले. आमचाही पत्ता १००.८१ आहे. सलग तीन रविवार मी पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये घालवले आणि मुलाला उगाच रागावले, याचे आता फार वाईट वाटते.

निपाणी

अक्का, मनाला लावून घेऊ नका. आम्हालाही महिना लागला.

चिकोडी

कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत लिहिते. आमच्या घरी रोज रात्री नऊ वाजता पिंग ४० वरून ४०० वर जात असे. त्याच वेळी माझा फोन चार्जिंगला लागतो आणि दिवसभराचे फोटो आपोआप अपलोड होतात. अपलोडची वाट भरली की राउटर पॅकेट रांगेत उभी करतो, आणि खेळाचे इवलेसे पॅकेट त्या रांगेत मागे अडकते. राउटरच्या क्यूओएसमध्ये (कोणाला किती वाट द्यायची ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८५ टक्क्यांवर ठेवली. फोटो थोडे सावकाश जातात, पण लेकीचा खेळ थांबत नाही.

शहापूर, बेळगाव

काही दोष घरात नसतो आणि तारेतही नसतो. माझी पिंग ४५ आणि कोल्हापूरच्या मित्राची २०, दोघेही मुंबईच्या सर्व्हरवर. ट्रेसरूट, म्हणजे पॅकेट कोणकोणत्या टप्प्यांवरून जाते त्याची यादी, काढल्यावर दिसले, की माझे पॅकेट आधी बंगळुरूला जाऊन मग मुंबईकडे वळते. फायबरमधून प्रकाश जाऊन-येऊन दर १०० किलोमीटरला सुमारे १ मिलिसेकंद घेतो. वाटेतल्या यंत्रांचा वेळ त्यावर आणखी. सीमेच्या अलीकडे राहिल्याने पडणारा हा वळसा राउटरच्या कोणत्याही सेटिंगने कमी होत नाही. शेजाऱ्यांकडे दुसऱ्या कंपनीची जोडणी होती. त्यांच्या परवानगीने तिथून ट्रेसरूट काढला, वाट पुण्यावरून जाताना दिसली, आणि मगच मी कंपनी बदलली. आता २४ येते.

संकेश्वर

अनगोळच्या दादांना एक विचारायचे आहे. आम्हीही केबल ओढायची ठरवली आहे. कनेक्टरमध्ये तारांचा क्रम कसा लावावा?

अनगोळ, बेळगाव

कनेक्टरची खिटी खाली आणि सोनेरी पट्ट्या वर धरून डावीकडून पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम ठेवा. दाबण्यापूर्वी आठही तारा कनेक्टरच्या टोकाला टेकल्या आहेत ना, हे उजेडात धरून पाहा; माझी पहिली दोन टोके त्याच कारणाने वाया गेली.