मदत हवी आहे : राहत्या घराला मागून खोली जोडायची आहे, नकाशा कोणाकडून करून घ्यावा?

नमस्कार,

आमच्या घराच्या मागील बाजूस तळमजल्यावर एक झोपण्याची खोली आणि तिला लागून न्हाणीघर-शौचालय बांधायचे आहे. झोपण्याच्या सर्व खोल्या वरच्या मजल्यावर आहेत आणि सासूबाईंना गुडघ्यांच्या दुखण्यामुळे जिना चढणे दिवसेंदिवस कठीण होत चालले आहे. मागे जागा पुरेशी आहे आणि खर्चाची तयारीही आहे. अडले आहे ते नकाशापाशी, म्हणजे हे काम नेमके कोणाकडे सोपवावे, या प्रश्नापाशी.

घर जुने असून त्यात कॉलम नाहीत. वरच्या मजल्याचा सगळा भार नऊ इंची विटांच्या भिंतींवर आहे. मूळ बांधकामाचे नकाशे आमच्याकडे नाहीत, त्यामुळे पाया किती खोल आहे आणि कोणत्या थरावर टेकला आहे, हे खणून पाहिल्याशिवाय कळणार नाही. नव्या खोलीत जाण्यासाठी मागच्या भिंतीत दार पाडावे लागेल. त्याच भिंतीतील खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग निघून छताच्या दिशेने गेली आहे. ती नुसत्या गिलाव्यात आहे की विटांपर्यंत पोहोचली आहे, हे बाहेरून सांगता येत नाही.

आतापर्यंत ज्यांच्याशी बोललो, त्यांच्यापैकी एका ठेकेदाराने काम त्याला दिल्यास नकाशा विनामूल्य करून देण्याची तयारी दाखवली. मला ही सोय धोक्याची वाटते. नकाशा त्याचाच, दरपत्रक त्याचेच आणि कामाची तपासणीही त्याचीच असेल, तर दुसऱ्या ठेकेदाराचा दर कशाच्या आधारे मागवायचा आणि सळई कमी पडली तर ते सांगणार कोण? एका वास्तुविशारदांनी मोबाइलवर पाठवलेली छायाचित्रे पाहून दोन पर्यायी आराखडे दिले. खोलीची मांडणी चांगली होती, पण भिंत किंवा पाया प्रत्यक्ष पाहण्याचा विषय त्यांच्याकडून निघाला नाही. केवळ ड्राफ्ट्समनकडून परवानगीपुरता नकाशा काढून घ्यावा आणि बाकीचे गवंड्यावर सोपवावे, असेही एकाने सुचवले. भारवाहक भिंत फोडायची असताना ते मला मुळीच पटत नाही.

माझी समजूत अशी आहे की आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरने घर पाहावे, पायाजवळ एक खड्डा खणून घ्यावा, भेगेवरचा गिलावा खरवडून पाहावा आणि भिंतीत किती रुंद दार पाडता येईल व त्यावर कोणती तुळई लागेल ते सांगावे. मांडणीचा विचार त्यानंतर व्हावा. जुन्या घराखालची जमीन इतक्या वर्षांत दबून स्थिरावली आहे, तर नवा पाया भार आल्यावर थोडा तरी बसणारच. दोन्ही बांधकामे घट्ट एकजीव केली, तर सांध्यावर तडा जाण्याची भीती असते, आणि मोकळा सांधा ठेवला, तर त्यातून पावसाचे पाणी आत येण्याची. हा निर्णय गवंड्याने ऐनवेळी घेण्यासारखा नाही. तो नकाशातच काढलेला असावा, असे मला वाटते.

तरीही केवळ इंजिनिअरवर काम भागेल असे दिसत नाही. नवी खोली जिथे येणार, तिथेच मधल्या खोलीची एकमेव खिडकी आहे. ती झाकली गेली की मधली खोली दिवसासुद्धा अंधारी राहील आणि हवाही खेळणार नाही. मध्ये छोटा चौक सोडावा, की नव्या खोलीचे छत खाली ठेवून वरून उजेड घ्यावा, हा विचार वास्तुविशारदानेच करायचा आहे. शिवाय सासूबाईंना पुढे चाकांची खुर्ची लागू शकते, म्हणून नव्या आणि जुन्या फरशीची पातळी एकच हवी, उंबरा नको आणि दारातून किमान ९० सेंटीमीटर मोकळी वाट मिळायला हवी. दाराची ही रुंदी भिंतीला सोसेल का, यासाठी पुन्हा इंजिनिअरच लागेल. म्हणूनच या दोघांपैकी आधी कोण, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

सांडपाण्याची वाहिनी मागच्या भिंतीलगत जाते आणि तिचे एक चेंबर नियोजित खोलीच्या मधोमध येते. चेंबर खोलीच्या आत ठेवणे योग्य नाही, म्हणून वाहिनी वळवावी लागेल. १:४० उतार धरला, तर १० मीटर लांबीत वाहिनी २५ सेंटीमीटर खाली जाते. तेवढी उंची पुढच्या चेंबरपर्यंत मिळते का, हे आधी मोजावे लागेल. न मिळाल्यास न्हाणीघराची जागाच बदलेल आणि सगळा नकाशा नव्याने करावा लागेल.

जाणकारांनी कृपया सांगावे की वास्तुविशारद आणि इंजिनिअर यांना स्वतंत्रपणे नेमावे, की एकाने दुसऱ्याला सोबत घेऊन सर्व जबाबदारी उचलावी. प्रत्यक्ष मोजणी आणि पाहणीचे शुल्क वेगळे देऊन, तो अहवाल हाती आल्यावर पुढचे काम द्यायचे की नाही हे ठरवले, तर व्यावसायिकांना ते मान्य असते का? परवानगीसाठीचा १:१०० प्रमाणातील नकाशा प्रत्यक्ष बांधकामाला पुरत नाही, एवढे मला माहीत आहे. मग १:५० चे कामाचे नकाशे, सळईचे तपशील, जुन्या-नव्या भिंतीच्या सांध्याचा मोठ्या प्रमाणातील छेद (सांधा उभा कापल्यावर आतून कसा दिसेल ते दाखवणारे रेखाचित्र) आणि सांडपाण्याच्या पातळ्या, यांतील काय काय करारात नावानिशी लिहून घ्यावे? पाया भरण्यापूर्वी, तुळई बसवताना आणि स्लॅब ओतण्यापूर्वी त्यांनी स्वतः येऊन तपासणी करावी, अशी माझी इच्छा आहे. या भेटी शुल्कात धरलेल्या असतात की त्यांचे वेगळे ठरवावे लागते?

ज्यांनी भारवाहक भिंतींच्या जुन्या घराला खोली जोडली आहे, त्यांनी आपला अनुभव अवश्य लिहावा. विशेषतः सांधा कसा ठेवला होता आणि काही पावसाळे गेल्यावर तिथे भेग किंवा ओल दिसली का, हे कळले तर फार मदत होईल. आणखी काही मोजमापे हवी असल्यास ती घेऊन इथेच देईन.