ट्रकचा धूर मोजता, पण नेमकं काय मोजता?

लोटेकर (धागाकर्ता)

काल आमच्या तालुक्याच्या ग्रुपवर एकाने फोटो टाकला. धूर सोडत चाललेली दहाचाकी, पाठमोरी, नंबरप्लेट स्वच्छ दिसतेय. खाली मजकूर: "कोकणची हवा नासवणारे हेच. दिसला की फोटो काढा, आरटीओला पाठवा. यांना पीयूसी पैसे देऊन मिळते." दोनशेच्या वर लाईक. गाडी माझी नव्हती, पण असू शकली असती. तिथे भांडलो तर चार ओळीत चाळीस जण तुटून पडतात, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

माझ्या दोन गाड्या. एक २०१५ची दहाचाकी, बीएस-३, म्हणजे धुराच्या जुन्या नियमांची. दुसरी २०२१ची बाराचाकी, बीएस-६, नव्या कडक नियमांची. दोन्ही लोटे एमआयडीसीतून माल भरून कुंभार्ली घाट चढून कराडकडे जातात. जुलैत जुनी गाडी पीयूसीला नेली. सकाळचे आठ, पाऊस धो धो. पोराने नळी सायलेन्सरात खुपसली, गाडी न्यूट्रलला, ड्रायव्हरला म्हणाला मार रेस. तीन-चार वेळा दणकून रेस. के व्हॅल्यू, म्हणजे धूर किती दाट त्याचा आकडा, २.६१ आली. मर्यादा २.४५. नापास.

मग त्याच आठवड्यात नवी नेली. शून्य पॉइंट काहीतरी आलं, पास, आता वर्षभर बघायला नको. आता गंमत ऐका. त्या दिवशी नव्या गाडीचा, धुरात युरिया फवारणारा पंप बंद होता. डॅशबोर्डवर दिवा पेटलेला, पोराने तो बघितलासुद्धा. म्हणजे ज्या नॉक्ससाठी (नायट्रोजनचे विषारी वायू, डोळ्यांना न दिसणारे) एवढी महागडी यंत्रणा गाडीखाली लटकवलीय, तो नॉक्स सरळ बाहेर जात होता. पण ते मशीन नॉक्स मोजतच नाही! धुरातून उजेड किती आरपार जातो एवढंच बघतं.

म्हणजे जी गाडी दिसायला काळी ती गुन्हेगार, आणि जी न दिसणारं विष सोडते ती सर्टिफिकेटवाली. फोटो काढणाऱ्यांनी नॉक्सचा फोटो काढून दाखवावा, मी स्वतः गाडी घेऊन आरटीओत उभा राहतो.

शाळा_हायवेकाठी

दादा, तुमचं सगळं वाचलं. आता माझंही वाचा. माझी शाळा हायवेपासून पन्नास पावलांवर आहे. पावसाळा सोडला तर रोज सकाळी खिडकीच्या चौकटी ओल्या फडक्याने पुसते, फडकं काजळ पुसल्यासारखं होतं. चौथीतल्या एका मुलीच्या दप्तरात कंपासपेटीशेजारी इनहेलर असतो. नॉक्स मोजत नाहीत म्हणून काळा धूर माफ, हा कुठला न्याय? डिझेलचा धूर कॅन्सर करतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१२लाच पहिल्या गटात टाकून सांगितलंय. पहिल्या गटात, म्हणजे तंबाखूच्या पंगतीत.

तुमची गाडी नापास झाली कारण ती धूर सोडते. इतकं साधं आहे ते.

लोटेकर

ताई, माफ करा असं मी कुठे लिहिलंय? ओळ दाखवा. नापास झाल्यावर गाडी मी गॅरेजला लावली, रस्त्यावर नाही आणली.

नळीवाला

आठ वर्षं पीयूसी सेंटर चालवतोय, म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजतो.

लोटेकरभाऊ, पावसात सकाळी आठला गाडी आणलीत, रात्रभर उभी होती ना? थंड इंजिनावर टेस्ट घ्यायचीच नसते. ऑइल निदान साठ अंशांवर असायला पाहिजे, आधी दोन-चार रेस मारून सायलेन्सरातली साचलेली काजळी उडवायची, मग रीडिंग. त्या पोराने हे केलं नसेल तर २.६१ चा दोष गाडीचा कमी, पोराचा जास्त.

आणि "पैसे देऊन मिळते" याबद्दल: आता नंबरप्लेटचा फोटो आणि आकडा दोन्ही ऑनलाइन जातात, त्यामुळे पूर्वीसारखं घरबसल्या कागद मिळत नाही. पण खोटं बोलणार नाही. नळी अर्धीच आत धरणारे आहेत. ड्रायव्हर पाय अर्धाच दाबतो आणि सेंटरवाला दुसरीकडे बघतो, हेही आहे. दीडशे रुपयांच्या पावतीत तासभर कोण घालवणार? माझ्या पुढे तीन रिक्षा उभ्या असतात.

पिंपरीवाला

इंजिन टेस्टिंगमध्ये पंधरा वर्षं काढली आहेत. धागाकर्त्याचा मूळ मुद्दा तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. फक्त त्यावरून काढलेला निष्कर्ष अर्धवट आहे.

अवजड गाडीचं इंजिन मान्यतेला जातं तेव्हा ते गाडीत नसतं, डायनॅमोमीटरवर, म्हणजे इंजिनावर भार टाकून मोजणाऱ्या यंत्रावर, बांधलेलं असतं. तिथे लोड देऊन नॉक्स, कण, सगळं मोजतात. स्थिर चाचणीत बीएस-४ला नॉक्सची मर्यादा किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅम होती, बीएस-६ला ०.४. हा फरक युरियाने पडतो. रस्त्यावरची पीयूसी म्हणजे ताप आहे का ते हात लावून बघणं. नॉक्स बघायला लोड लागतो, न्यूट्रलमध्ये रेस मारून तो कळणारच नाही.

प्रयोगशाळेत एक आणि रस्त्यावर एक, हे अमेरिकेतही झालं. १९९८ साली सात ट्रक-इंजिन कंपन्यांवर कारवाई झाली. चाचणीत इंजिन शहाण्यासारखं वागायचं, हायवेला लागलं की सॉफ्टवेअर इंधन सोडायचं टायमिंग बदलून डिझेल वाचवायचं आणि नॉक्स वाढवायचं. तेरा लाख इंजिनं. म्हणूनच पुढे गाडीवर यंत्र बांधून प्रत्यक्ष रस्त्यावर मोजायची पद्धत आली. आपल्याकडेही १ एप्रिल २०२३ पासूनच्या बीएस-६च्या दुसऱ्या टप्प्यात ती आहे.

लोटेकर

सर, अमेरिका राहू दे बाजूला. यंत्र बांधून मोजायची ती टेस्ट कंपनीची. माझ्या २०२१च्या गाडीला आज कोण यंत्र बांधणार आहे का? नाही ना. मग "अर्धवट" काय त्यात?

पिंपरीवाला

निष्कर्ष अर्धवट असं म्हटलं, तुम्हाला नाही. एवढं लागण्यासारखं काही नव्हतं.

पाना_बत्तीस

सगळे साहेब बोलले, आता हात काळे असलेला बोलतो. एम्युलेटर, म्हणजे युरिया बंद असला तरी इंजिनाला चालू भासवणारी डबी, मी बसवलेत. दहा-बारा तरी. हवं तर शिव्या घाला.

का बसवले ते सांगतो. कशेडीचा बोगदा सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मे महिना, रात्री दोन वाजता फोन. हापूसच्या पेट्या भरलेली गाडी घाटात. ड्रायव्हरने वाटेत एका ढाब्याशेजारच्या टपरीवर गाडीच्या युरियाचा स्वस्तातला कॅन घेतला होता. कॅनवर लेबल होतं, आत शेतीचा युरिया कालवलेला. शेतीच्या युरियाला निमाचा लेप असतो, तो सायलेन्सरातल्या नॉक्स मारणाऱ्या कॅटॅलिस्टचा सत्यानाश करतो. मी पोचलो तेव्हा युरिया टाकीच्या झाकणाभोवती पांढरे खडे धरलेले, मिठागरात बोट बुडवून काढल्यासारखे. डॅशबोर्डवर सगळे दिवे. गाडीने टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, कापलेला. पहिल्या गिअरमध्ये चालत्या माणसाच्या वेगाने चढतेय, मागे पनवेलकडे जाणाऱ्या गाड्यांची लाईन. पेट्या वाशीला पोचल्या तेव्हा अर्ध्या दबल्या होत्या. मालकाने पुढच्याच आठवड्यात मला सांगितलं, बाबा हे झंझट कायमचं काढ.

त्याचा नवा नॉक्स सेन्सर पस्तीस हजारांचा होता, तोसुद्धा आमच्या दमट हवेत वर्षभरात वायर गंजून गेलेला. डबी त्यापेक्षा कितीतरी स्वस्त. इंजिनाला सांगते, युरिया चालू आहे हो, सगळं ठीक आहे. लोटेकर म्हणतात तसंच, पीयूसीला ही गाडी हसत हसत पास होते.

शाळा_हायवेकाठी

म्हणजे तुम्ही स्वतःच सांगताय की फसवणूक करता, आणि वर सहानुभूती पाहिजे?

पाना_बत्तीस

सहानुभूती कोणी मागितली बाई? खरं सांगितलं तर आवडत नाही, खोटं सांगितलं तर पकडता येत नाही. दोन वर्षांपासून मी नवीन बसवत नाही. पण म्हणून कोणीच बसवत नाही असं नाही.

सर्जेकोटचो

ट्रकवाल्यांनू, तुमचा बरा असा. तुमका निदान कोणतरी नळी लावता. आमच्या समुद्रात सहा सिलिंडरवाले रात्रभर धूर काढतत, त्यांका पीयूसी कोण विचारूक नाय. मोटार वाहन कायदो किनाऱ्यार संपता काय?

नळीवाला

होडीला पीयूसी! हाहाहा. नळी लावायला दर्यात कोण येणार?

मिरकरवाडा_नौका

सर्जेकोटवाल्या, थेट बोला ना. सहा सिलिंडर म्हणजे पर्ससीन, मासळीचा अख्खा थवा जाळ्याने घेरणाऱ्या मोठ्या नौका, असं म्हणायचंय तुम्हाला. ट्रकचा धागा आहे, इथेही पर्ससीन आलंच! आमच्या इंजिनाचा धूर समुद्रावर जातो, वारा नेतो. शाळा कुठे आहे तिथे?

सर्जेकोटचो

वारो नेता तो खय नेता? आमच्याच घरात. आणि नुसतो धूर खय हा, मासळीपण नेतास. ५ फेब्रुवारी २०१६चो आदेश वाचलास? पर्ससीनाक परवानगी १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबरच. जानेवारीत तुमच्यो जाळी खय असतत?

मिरकरवाडा_नौका

आदेश आम्हाला पाठ आहे. पण बारा नॉटिकल मैलांच्या बाहेर राज्याचा कायदा लागत नाही, तेही वाचा. आणि एलईडी दिवे लावून मासे पकडणं २०१७ला केंद्राने बंद केलं, ते कोण लावतं त्याला जाऊन पकडा. पर्ससीन आणि एलईडी एकच समजायची सवय लागलीय तुम्हाला. आमच्यावर कर्ज आहेत, खलाशी आहेत, आणि डिझेलवरच्या कराचा परतावा महिनोन् महिने थकतो.

सर्जेकोटचो

परतावो! आता इलास मुद्द्यार. गिलनेटच्या बारक्या होडीवाल्याक परतावो किती मिळता आणि तुमका किती, ता सांग. जेचा इंजिन मोठा तेका परतावो मोठा. म्हणजे जास्त धूर काढणाऱ्याक सरकार जास्त पैसे देता!

मिरकरवाडा_नौका

जास्त डिझेल जाळतो म्हणून जास्त परतावा, यात काय चुकलं? तुमच्या पाचशे रुपयांच्या फेरीला आणि आमच्या तीन दिवसांच्या फेरीला एकच माप लावायचं?

पिंपरीवाला

धागा भरकटला. मूळ विषय: अवजड वाहनांची उत्सर्जन चाचणी.

सर्जेकोटचो

तुझो विषय तुझ्याकडे ठेव रे. आमचो पण डिझेलचोच असा.

लोटेकर

नाही, थांबा, भरकटला नाही. उलट इथेच माझा मुद्दा सापडला. माझी २०१५ची गाडी उद्या फिटनेसमध्ये बसली नाही तर भंगारात जाणार. भंगारवाला इंजिन उतरवणार, त्याला मरीन गिअर लावणार, आणि ते मिरकरवाडा बंदरात नाहीतर दुसरीकडे कुठल्यातरी होडीत जाणार. खोटं सांगत असेन तर सांगा. तेच इंजिन, तोच धूर. जमिनीवर २.६१ ला नापास, पाण्यावर परतावा.

मिरकरवाडा_नौका

आमचं इंजिन भंगारातलं नाही. नवं आहे. पण काही जण घेतात हे खरं.

शाळा_हायवेकाठी

लोटेकरदादा, एवढं मात्र बोललात बरोबर. त्रास होतोय मान्य करायला. तरी माझा प्रश्न आहे तिथेच आहे. कुंभार्लीत पंचवीस टन घेऊन चढताना तुमची जुनी गाडी काय सोडते, ते न्यूट्रलमधल्या रेसवरून कळत नाही, हे तुम्हीच सांगितलं. म्हणजे तुमची गाडी पास झाली असती तरी घाटात ती वाईटच असणार. टेस्ट चुकीची आहे म्हणता, पण ती चूक तुमच्या बाजूनेही लागते. ते लिहायचं राहिलं का?

लोटेकर

राहिलं.

बरं, लिहितो. लोडवर जुनी गाडी नक्की जास्त सोडते. नाकारत नाही. पण नवी घ्यायला पस्तीस-चाळीस लाख लागतात, आणि भाडं कंपनी ठरवते, मी नाही. मला ग्रुपवर गुन्हेगार म्हणणाऱ्याच्या घरातली खुर्ची, शाम्पू, रंग, सगळं याच गाडीतून गेलंय.

पाना_बत्तीस

ही शेवटची ओळ लिहायला नको होती. आता बाई सोडणार नाहीत.

शाळा_हायवेकाठी

सोडते. पेपर तपासायचेत.

नळीवाला

लोटेकरभाऊ, एक काम करा. गाडी घेऊन या माझ्याकडे. पण चिपळूणहून थेट या, मध्ये चहाला थांबू नका, इंजिन गरम पाहिजे. एअर फिल्टर उघडून बघितलात का? पावसाळ्यात गच्च भरतो. नळी मी स्वतः घालतो. पाय पूर्ण दाबायचा, अर्धा नाही.

लोटेकर (चार दिवसांनी)

गेलो होतो. फिल्टर काढला तर ओल्या मातीची वडी झाली होती. नवा घातला, गाडी गरम करून नेली, पाय पूर्ण. १.९८. पास.

नळीवाल्यांचे आभार. म्हणजे जुलैत नापास झाली त्यात निम्मी चूक माझी होती, हे लिहिलं नाही तर उद्या कोणीतरी इथेच वर काढेल. नव्या गाडीचा युरिया पंपही बदलून घेतला. पीयूसी आधीच वर्षभराची आहे, त्यामुळे कोणी विचारलं नाही. विचारणारही नाही.

सर्जेकोटचो

अभिनंदन. आता पर्ससीनवाल्यान परताव्याचो आकडो सांगूचो रवलो.