सल्ला हवा: दादाच्या पन्नाशीला ‘राइड ऑन टाइम’ची कुठली प्रत लावू? (सोबत आणखी काय?)

सुईधागा

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात दादाची पन्नाशी आहे. सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये जेवण आणि त्याआधी तासभर नाच. डीजे नाही, भाच्याचा लॅपटॉप आणि भाड्याचे स्पीकर. दादा कॉलेजात असताना दुकानातून कॅसेट भरून आणायचा, त्यातल्या एकीच्या ए बाजूला पहिलंच गाणं ब्लॅक बॉक्सचं ‘राइड ऑन टाइम’. ते तर हवंच. पण ऑनलाइन शोधलं तर मला दोन सापडली. नाव तेच, पियानो तोच, आणि गाणारी बाई मात्र वेगळी! खरं कुठलं? आणि त्याच जातकुळीतली, म्हणजे इटलीत तयार झालेली, अजून चार-पाच सुचवा. पाहुण्यांत काका-मावश्याही आहेत हे ध्यानात ठेवून.

उकडीचे_दोन

दोन्ही खरी. (हलके घ्या.) जाणकारांच्या प्रतीक्षेत.

बी_साइड

सुईधागा, कान तयार आहेत तुमचे. बाया खरंच दोन आहेत, आणि व्हिडिओत दिसते ती तिसरी.

गाणं १९८९चं. करणारे तिघे, इटलीतल्या रेज्जो एमिलियाकडचे: दानिएले दावोली हा क्लबात रेकॉर्डी वाजवणारा, मिर्को लिमोनी कीबोर्ड आणि यंत्रं सांभाळणारा, आणि वालेरिओ सेंप्लिची चक्क क्लॅरिनेटचा मास्तर. यांनी ‘लव्ह सेन्सेशन’ या १९८०च्या अमेरिकन डिस्को गाण्यातला लोलिॲटा हॉलोवेचा आवाज उचलला. सॅम्पलर म्हणजे आवाज साठवून वाजवणाऱ्या यंत्रात घालून त्याचे तुकडे केले, शब्द अर्ध्यात कापून तीन-तीनदा आपटले आणि खाली तो ठोकणारा पियानो घातला. रेकॉर्डवर हॉलोवेचं नाव नाही. ब्रिटनमध्ये गाणं सहा आठवडे पहिल्या नंबरावर बसलं आणि १९८९ साली तिथे सगळ्यात जास्त खपलेलं सिंगल ठरलं. टीव्हीवर ओठ हलवत होती कात्रिन किनोल नावाची फ्रेंच मॉडेल.

मग व्हायचं तेच झालं. हॉलोवेच्या बाजूने वकील उभे राहिले, आणि तोवर तोच भाग दुसऱ्या गायिकेकडून गाऊन घेऊन नवी प्रत बाजारात आली. ती गायिका हेदर स्मॉल, पुढे एम पीपल या ब्रिटिश बँडमुळे गाजलेली. नाव तिचंही नाही! तुम्हाला सापडलेली दुसरी बाई बहुधा हीच.

ओळखायचं कसं? आधी ‘लव्ह सेन्सेशन’ नीट ऐका, शेवटाकडे हॉलोवे सुटते तिथवर. मग दोन्ही प्रती लावा. एकीत तोच गळा, तीच किंचित फाटलेली किंकाळी सापडेल. दुसरीचा आवाज भरदार आहे, जाड आहे, पण तिला कुठे जायचंय ते आधीच ठाऊक असल्यासारखं वाटतं. माझं मत स्पष्ट आहे: हॉलोवेची लावा.

पेटीवाला

बी_साइड, सुंदर प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

पण यात एवढं काय, असं आपल्याला वाटू शकतं. पडद्यावर एक, माइकमागे दुसरी, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे. उलट आपल्याकडेही सुरुवातीला हेच होतं. १९४९च्या ‘महल’मधल्या ‘आएगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे मधुबालाने केलेल्या पात्राचं. गाणाऱ्या लताबाई होत्या हे लोकांना मागाहून कळलं. तेव्हा इटलीवाल्यांना एकट्यांना झोडपू नये.

बी_साइड

पेटीवाला, मुद्दा मान्य, पण अर्धाच. लताबाईंना स्टुडिओत बोलावलं होतं. त्या माइकसमोर उभ्या राहून गायल्या. हॉलोवेला कोणी विचारलंच नव्हतं. तिचा नऊ वर्षांपूर्वीचा गळा, दुसऱ्याच्या यंत्रात.

आणि तिथेच थांबले नाहीत. ब्लॅक बॉक्सच्या पुढच्या ‘ड्रीमलँड’ अल्बमात बहुतेक गाणी मार्था वॉश या गायिकेने गायलेली, व्हिडिओत पुन्हा कात्रिनच. वॉश कोर्टात गेली. तिच्या भांडणानंतर अमेरिकेत गायिकेचं नाव रीतसर छापण्याबद्दल कंपन्या सावध झाल्या. हॉलोवेचा तोच आवाज १९९१मध्ये मार्की मार्कच्या ‘गुड व्हायब्रेशन्स’मध्ये आला तेव्हा मुखपृष्ठावर तिचं नाव होतं, आणि ते गाणं अमेरिकेत पहिलं आलं. नाव छापून खप पडत नाही, एवढं तरी सिद्ध झालं.

मुक्काम_तोरिनो

सध्या इटलीतल्या तोरिनोत आहे, म्हणून गावच्या पोरांपासून सुरू करते.

‘ब्लू’, आयफेल ६५. तोरिनोतल्याच स्टुडिओतलं. १९९८मध्ये निघालं तेव्हा फारशी दखल नव्हती. पुढच्या वर्षी युरोपभर पसरलं, सप्टेंबर १९९९मध्ये ब्रिटनमध्ये पहिलं, २०००च्या सुरुवातीला अमेरिकेत सहावं. समीक्षकांनी नाकं मुरडली, तरी ग्रॅमीचं नामांकन मिळालंच. गाणारा जेफ्री जे स्वतःच समोर उभा असतो, फक्त आवाज यंत्रातून काढलाय. भाच्याला याच चालीवरचं २०२२चं डीजे डेव्हिड गेटाचं गाणं माहीत असेल, त्याला मूळ ऐकवा.

‘द रिदम ऑफ द नाइट’, कोरोना. नावावर जाऊ नका, १९९३चं आहे. इथेही तोच खेळ: व्हिडिओत ब्राझीलची ओल्गा सोझा, गळा जेनी बी हिचा. जेनी बी पुढे २००० साली सानरेमो या इटलीतल्या गाण्यांच्या महोत्सवात नवोदितांच्या स्पर्धेत स्वतःच्या नावाने पहिली आली. मला तिच्याबद्दल फार बरं वाटलं होतं.

काका-मावश्यांसाठी ‘सॅटर्डे नाइट’. व्हिगफील्ड डेन्मार्कची, निर्माते इटलीचे. हातवारे बसल्या जागी सुद्धा जमतात. ब्रिटिश लोक भूमध्यसागरावर सुट्टीला गेले, तिथे ऐकलं, घरी येऊन दुकानदारांचं डोकं खाल्लं. १९९४मध्ये ते थेट पहिल्या नंबरावर उतरलं आणि वेट वेट वेट या बँडचा तिथला पंधरा आठवड्यांचा मुक्काम हलवला.

खडूस_आजोबा

माझ्या मते ही सगळी एकाच साच्यातली. धप धप धप, चार इंग्रजी वाक्यं, तीही धड अर्थ नसलेली. पन्नाशीला मराठी-हिंदी लावा की. लोक नाचतील तरी.

मुक्काम_तोरिनो

आजोबा, एकदा गाला या गायिकेचं ‘फ्रीड फ्रॉम डिझायर’ ऐका. १९९६चं. मिलानची पोरगी, शब्द तिचेच, आवाज तिचाच, चेहराही तिचाच. माझ्या प्रियकराकडे पैसा नाही पण ठाम श्रद्धा आहे, असा साधा सरळ अर्थ. २०१६मध्ये विगन या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या एका चाहत्याने त्या चालीवर विल ग्रिग या फुटबॉलपटूचं गाणं रचलं आणि त्या वर्षीच्या युरो स्पर्धेत ते स्टेडियममध्ये दुमदुमलं. ग्रिग बिचारा एक मिनिटही मैदानात उतरला नाही. अजूनही फुटबॉलच्या मैदानात ती चाल कानावर येते.

आणि अर्थच हवा असेल तर रिगेइराचं ‘वामोस आ ला प्लाया’, १९८३. हेही तोरिनोचेच, गातात स्पॅनिशमध्ये. लोक समुद्रकिनाऱ्याचं मजेशीर गाणं म्हणून नाचतात. आत अणुबॉम्ब फुटलाय आणि वारा किरणोत्सारी आहे.

खडूस_आजोबा

अणुबॉम्बवर नाचायचं? ऐकतो.

सुईधागा

काय धागा झालाय! मनापासून आभार. हॉलोवेचीच प्रत लावणार. आता क्रम सांगा. दादाचं गाणं शेवटी ठेवू का, सगळे रंगात आल्यावर?

बी_साइड

नको, सुरुवातीला. कारण व्यवहाराचं आहे. ‘राइड ऑन टाइम’ची लय मिनिटाला साधारण ११८ ठोक्यांची, ‘ब्लू’ आणि ‘रिदम’ १२८च्या आसपास. पळती लय एकदा अंगात भिनली की त्यानंतर ते मंद वाटेल आणि लोक पाण्याच्या ग्लासाकडे वळतील. शिवाय दादांचे गुडघेही सुरुवातीलाच ताजे असणार. मग ‘सॅटर्डे नाइट’, तिथे मावश्या उठतील. मग कोरोना, ‘ब्लू’, आणि शेवटी गाला. तिची ‘ना ना ना’ येते तिथे भाच्याला आवाज बंद करायला सांगा. लोक आपणहून म्हणतात.

रिगेइरा जेवण वाढतानाला ठेवा.

उकडीचे_दोन

+१. आणि स्पीकर दहाच्या आत बंद. आमच्याकडे दहा वाजून पाच मिनिटांनी खालच्या मजल्यावरचे काका थेट मेन स्विचपाशी गेले होते.

सुईधागा

आमच्याकडचे ते काका पाहुण्यांच्या यादीत आहेत. पहिल्या रांगेत बसवते.